घराखालची पोकळी : कोंदट आणि दमट यांतील विवेक

१. वस्तू आणि तिचे नाव

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः तेथील आग्नेय भागात, पुष्कळशी लाकडी घरे जमिनीला टेकलेली नसतात. चारी बाजूंनी विटांची अथवा काँक्रीटच्या ठोकळ्यांची बुटकी भिंत उभारून तिच्यावर तुळया टाकतात; तुळयांवर तक्तपोशी करतात आणि तिच्यावर घर उभे राहते. तक्तपोशी आणि जमीन यांच्या दरम्यान जी बुटकी जागा उरते, तिला तेथे ‘क्रॉल स्पेस’ असे नाव आहे. तिची उंची बहुधा दोन-तीन फुटांची असते. तेथील बहुतेक राज्यांनी आधारभूत मानलेल्या निवासी बांधकाम-संहितेनुसार, साध्या लाकडाच्या तुळया आणि उघडी जमीन यांत निदान १८ इंचांचे अंतर असावे लागते, आणि भिंतीतून आत शिरण्याचे दार निदान १६ इंच बाय २४ इंच असावे लागते. एवढ्या दारातून आत जाणाऱ्या प्रौढ माणसास रांगावे, प्रसंगी सरपटावेच लागते, हे उघड आहे. जागेचे नाव तिच्या उपयोगावरून नव्हे, तर तिच्यात शिरणाऱ्याच्या हालचालीवरून पडलेले आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

मराठीत ह्या वस्तूस रूढ शब्द नाही. आणि तो का नाही, हे समजण्यास कठीण नाही. महाराष्ट्रातील परंपरागत घर जोत्यावर उभे असते. हे जोते दगडगोटे, मुरूम आणि माती यांनी भरून, धुमसाने चोपून घट्ट केलेले असते. त्यात पोकळी राहू न देणे हेच जोते भरणाऱ्याचे कौशल्य होय. जमिनीखालच्या ज्या जागांना मराठीत नावे आहेत, त्या सर्व माणसाने हेतुपूर्वक वापरण्याच्या जागा आहेत : तळघर राबत्यासाठी वा साठवणीसाठी, पेव धान्यासाठी, भुयार वाटेसाठी. जी जागा कोणी वापरीत नाही, जिच्याकडे वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही, आणि तरीही जिच्यावर सगळे घर उभे आहे, अशा जागेसाठी शब्द घडण्याचा प्रसंगच आला नाही. प्रस्तुत लेखात सोयीसाठी तिला ‘तळपोकळी’ म्हटले आहे. अमेरिकेत स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबे आज अशा घरांतून राहतात. ती घर विकत घेतात तेव्हा ही अपरिचित वस्तूही त्यांच्या पदरी पडते. तिचे स्वरूप आणि तिची निगा यांचे विवेचन करणे हा येथे हेतू आहे. तथापि त्या विवेचनात एक व्यापक प्रश्नही गुंतलेला आहे : एखादा तांत्रिक नियम भाषेतील रूपकाच्या आधारावर किती काळ टिकून राहू शकतो, हा तो प्रश्न होय.

२. पोकळी कशासाठी?

तळपोकळीची मूळ कल्पना सरळ आहे. लाकूड ओल्या मातीस लागले की कुजते आणि त्यास वाळवी लागते. म्हणून लाकूड मातीपासून दूर ठेवावे. अमेरिकेच्या दक्षिण भागातील जुनी घरे विटांच्या वा दगडांच्या सुट्या खांबांवर उभी असत. खांबांमधून वारा मोकळा वाहत असे, घराखालून आरपार दिसत असे, आणि घरातील हवा व बाहेरची हवा यांच्या तापमानांत उन्हाळ्यात फारसे अंतर नसे. अशा घराची तक्तपोशी उन्हाळ्यात बाहेरच्या हवेइतकीच उष्ण असे. तीवर दव पडण्याचे कारणच नव्हते.

पुढे ह्या रचनेत तीन बदल झाले. पहिला बदल म्हणजे सुट्या खांबांच्या जागी अखंड भिंत आली. थंडी अडविणे, प्राण्यांना अटकाव करणे आणि घराचे रूप नेटके दिसणे, ही तिची प्रयोजने होती. दुसरा बदल म्हणजे ह्या पोकळीत पाण्याचे नळ, विजेच्या तारा आणि गरम वा थंड हवेच्या वाहिन्या बसविण्यात आल्या. तिसरा आणि सर्वांत परिणामकारक बदल म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघरी झालेला वातानुकूलनाचा प्रसार. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात तक्तपोशी वरच्या बाजूने थंड होऊ लागली आणि पोकळीतून जाणाऱ्या वाहिन्यांत सुमारे १३ अंश सेल्सियसची हवा खेळू लागली. खांबांवरचे उघडे घर आणि भिंतीने वेढलेले, खालून व वरून थंड झालेले घर ह्या भौतिक दृष्ट्या दोन भिन्न वस्तू होत. परंतु पहिल्या वस्तूविषयीचे शहाणपण दुसऱ्या वस्तूस जसेच्या तसे लावण्यात आले.

३. झरोक्यांचा नियम

अखंड भिंत आल्यावर पोकळीतील वारा थांबला. तो पुन्हा वाहावा म्हणून भिंतीत जाळीदार झरोके ठेवण्याची पद्धत पडली, आणि १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेतील संघीय गृहबांधणीच्या निकषांमधून तिला नियमाचे रूप आले. ह्या संदर्भात राल्फ ब्रिटन ह्या संशोधकाचे काम महत्त्वाचे मानले जाते. संघीय गृहनिर्माण व गृहवित्त संस्थेसाठी १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस केलेल्या कामात त्यांनी हे दाखविले की, घराखालच्या उघड्या ओलसर जमिनीतून फार मोठ्या प्रमाणावर वाफ निघते आणि ती भिंतींच्या पोकळ्यांतून थेट आढ्यापर्यंत पोहोचते.

पुढे संहितांतून स्थिर झालेला नियम असा : तळपोकळीच्या दर १५० चौरस फुटांस १ चौरस फूट झरोका असावा. जमीन वाफ अडविणाऱ्या थराने झाकलेली असेल, तर हे प्रमाण दर १,५०० चौरस फुटांस १ चौरस फूट इतके उतरते. म्हणजे १,५०० चौरस फुटांच्या घरास जमीन उघडी असताना १० चौरस फूट झरोके हवेत. ती झाकल्यावर १ चौरस फूट पुरतो. हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून वाचले असता नियमाच्या पोटातच एक कबुली दडलेली आढळते. जमिनीवर साधी चादर अंथरल्याने झरोक्यांची गरज एक-दशांशावर येत असेल, तर रोगाचे मूळ हवेच्या अभावात नसून जमिनीच्या ओलीत आहे, हे नियमकर्त्यांस जाणवले होते. परंतु व्यवहारात चादर विसरली गेली आणि झरोके मात्र राहिले. झरोका बाहेरून दिसतो, मोजता येतो, आणि तपासनिसास रांगत आत शिरावे न लागता मान्य करता येतो, हे त्याचे एक कारण असावे.

इलिनॉय विद्यापीठातील विल्यम रोझ यांनी १९९४ साली तळपोकळीतील ओलीविषयीच्या नियमांचा आणि तांत्रिक साहित्याचा ऐतिहासिक आढावा प्रसिद्ध केला. झरोके सर्वत्र सक्तीचे करण्यास भक्कम तांत्रिक आधार त्या साहित्यात आढळत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. सुमारे अर्धशतक लक्षावधी घरे ज्या आकड्यावर बांधली गेली, त्याच्या मागे इतका विरळ पुरावा असावा, ही गोष्ट कोणत्याही शाखेच्या संशोधकाने थांबून विचार करावी अशी आहे.

४. दव कसे पडते?

झरोक्यांनी पोकळी कोरडी होते की ओली, ह्याचे उत्तर एका साध्या गणितात आहे. हवेतील बाष्प मोजण्याच्या दोन रीती आहेत. एका घनमीटर हवेत प्रत्यक्ष किती ग्रॅम बाष्प आहे, ही पहिली. त्या तापमानास हवेत जास्तीत जास्त जेवढे बाष्प राहू शकते, त्याच्या किती टक्के ते आहे, ही दुसरी. हिलाच सापेक्ष आर्द्रता म्हणतात. हवा तापली की हे कमाल प्रमाण वाढते, थंड झाली की घटते. म्हणून बाष्पात थेंबाचीही भर न पडता केवळ थंड होण्याने तीच हवा ‘ओली’ होऊ शकते.

उत्तर कॅरोलिनातील जुलैची दुपार उदाहरणादाखल घेऊ. बाहेर तापमान ३२ अंश सेल्सियस आणि सापेक्ष आर्द्रता ६० टक्के आहे. अशा एका घनमीटर हवेत सुमारे २० ग्रॅम बाष्प असते. ही हवा झरोक्यातून तळपोकळीत शिरते. तेथील जमीन, भिंतीची आतील बाजू आणि तुळया २१ अंशांच्या आसपास आहेत. २१ अंशांस एका घनमीटर हवेत फार तर १८ ग्रॅमहून किंचित अधिक बाष्प राहू शकते. उरलेले बाष्प कोठे तरी पाणी होऊन उतरलेच पाहिजे. ते सर्वांत थंड पृष्ठभागांवर, म्हणजे वाहिन्यांवर, नळांवर आणि तक्तपोशीच्या खालच्या अंगावर उतरते. ह्या उदाहरणात बाहेरच्या हवेचा दवबिंदू सुमारे २३ अंश आहे. त्याहून थंड असलेली प्रत्येक वस्तू दव गोळा करील. झरोका जितका मोठा, तितकी नवी हवा अधिक. आणि नवी हवा जितकी अधिक, तितके पाणी अधिक.

हिवाळ्यात हेच गणित उलटते. बाहेरची थंड हवा आत येऊन किंचित तापते, तिची सापेक्ष आर्द्रता घटते आणि ती लाकूड सुकविते. म्हणजे झरोके वाळविण्याचे काम करीतच नाहीत असे नाही; जेव्हा त्यांची गरज सर्वाधिक असते, त्या दमट उन्हाळ्यात ते उलट काम करतात, एवढाच ह्याचा अर्थ. अमेरिकेच्या पश्चिमेकडील कोरड्या प्रदेशांत, जेथे उन्हाळ्यातही दवबिंदू पुष्कळ खाली असतो, तेथे झरोक्यांपासून ही बाधा होत नाही.

ओलीचे परिणाम क्रमाने घडतात. लाकडाच्या पृष्ठभागालगतची सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. लाकडातील पाण्याचे प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत असेल, तर कुजण्याचे भय सहसा नसते. ते २६ ते ३० टक्क्यांवर गेले म्हणजे लाकूड कुजविणारी बुरशी आपले काम सुरू करते. जमिनीतून येणारी वाळवीही ओलीच्याच आश्रयाने वाढते. तळपोकळीतील हवा तेथेच थांबत नाही, ही आणखी एक गोष्ट. घरातील उबदार हवा वर चढून आढ्यातून निसटते, तिची जागा घेण्यासाठी खालची हवा नळांच्या भोकांतून आणि तक्तपोशीच्या फटींतून वर ओढली जाते. म्हणून खालचा कुबट वास वरच्या निजावयाच्या खोलीत येतो. बुरशीचे सूक्ष्म कणही त्याच वाटेने येतात. दम्याचा विकार असलेल्या माणसास हा प्रश्न केवळ लाकडाचा राहत नाही.

५. प्रिन्सव्हिल येथील बारा घरे

वरील गणित प्रत्यक्षात उतरते काय, ह्याची पाहणी उत्तर कॅरोलिनातील प्रिन्सव्हिल ह्या गावी झाली. गुलामीतून मुक्त झालेल्या लोकांनी वसविलेले आणि १८८५ साली सनद मिळालेले हे गाव टार नदीच्या काठी आहे. १९९९ च्या सप्टेंबरात ‘फ्लॉइड’ ह्या चक्रीवादळानंतर आलेल्या पुरात ते जवळजवळ संपूर्ण बुडाले. त्यानंतर तेथे जी घरे नव्याने उभी राहिली, त्यांपैकी एकाच नमुन्याची बारा घरे ‘ॲडव्हान्स्ड एनर्जी’ ह्या संस्थेच्या संशोधकांनी निवडली आणि चार-चारांचे तीन गट पाडले. एका गटात नियमाप्रमाणे झरोके ठेवले. उरलेल्या दोन गटांत झरोके बुजविले, भिंती व फटी सांधल्या आणि वातानुकूलित हवेचा अल्पसा पुरवठा पोकळीत केला. त्यांपैकी एका गटात उष्णतारोधक थर तक्तपोशीखाली होता, तर दुसऱ्यात भिंतीवर. जमिनीवरील आच्छादन तिन्ही गटांत होते. तुलना झरोक्यांपुरती शुद्ध राहावी ह्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे.

उन्हाळ्यांतील नोंदींवरून असे दिसून आले की, झरोके असलेल्या पोकळ्यांत सापेक्ष आर्द्रता बहुतेक दिवस ८० टक्क्यांच्या वर जात होती. बंद पोकळ्या मात्र स्पष्टपणे कोरड्या राहिल्या. शिवाय बंद पोकळी असलेल्या घरांना तापविण्यास व थंड करण्यास लागणारी ऊर्जा सरासरीने १५ टक्के वा त्याहून अधिक कमी लागली. पुराने सर्वस्व नेलेल्या कुटुंबांच्या दृष्टीने विजेच्या देयकातील हे अंतर शास्त्रीय कुतूहलापुरते नव्हते. अशा संशोधनाच्या परिणामी संहितांनी झरोके नसलेल्या पोकळीस मान्यता दिली. तथापि त्यासाठी अटी आहेत : जमीन अखंड आच्छादनाने झाकलेली असावी, आणि पोकळीत हवेचा ठरावीक पुरवठा वा ओल शोषून घेणारे यंत्र असावे.

६. ‘श्वास’ आणि ‘खेळती हवा’

आता प्रश्न असा उरतो की, इतके सरळ गणित उपलब्ध असता नियम इतका काळ अबाधित कसा राहिला? ह्याचे एक उत्तर भाषेत आहे. घराने ‘श्वास घेतला पाहिजे’ असे इंग्रजी भाषेत बांधकाम करणारे आणि गृहस्थ दोघेही म्हणतात. हे रूपक एकदा स्वीकारले की झरोका बुजविणे म्हणजे नाक दाबणे ठरते, आणि त्यासाठी पुरावा मागण्याची गरजच भासत नाही. परंतु श्वास घेणारे शरीर आपले तापमान स्वतः राखते आणि आत घेतलेली हवा ऊन करते. तळपोकळी हवा थंड करते. रूपकात जो भेद झाकला गेला, तोच नेमका येथे निर्णायक आहे.

मराठीतही ह्या रूपकाचे भावंड आहे. ‘हवा खेळती राहिली पाहिजे’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. परंतु त्याच मराठीत दोन विशेषणे अशी आहेत की, ती नीट वापरली असता हा घोटाळा होऊ नये. ‘कोंदट’ आणि ‘दमट’ ही ती दोन विशेषणे होत. कोंदट म्हणजे जेथे हवा साचली आहे, बदलत नाही असे. हा हवेच्या गतीविषयीचा निर्णय आहे. दमट म्हणजे जेथे बाष्प अधिक आहे असे. हा हवेतील पाण्याविषयीचा निर्णय आहे. पेटीत ठेवलेले जुने कापड कोंदट जागेत असूनही कोरडे असू शकते. मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावरची आषाढातील हवा कोंदट मुळीच नसते, परंतु अतिशय दमट असते. तिसरा शब्द ‘कुबट’ हा वासाचा होय, आणि तोच बहुधा घोटाळ्यास कारण होतो. कुबट वास आला की माणूस जागा ‘कोंदट’ आहे असा निदानवाचक शब्द उच्चारतो आणि झरोके उघडतो. वास्तविक तो वास दमटपणामुळे वाढलेल्या बुरशीचा असतो. लक्षण एकाचे, निदान दुसऱ्याचे आणि उपचार तिसराच, असा हा प्रकार आहे.

महाराष्ट्रातील गृहिणींच्या व्यवहारात मात्र हा विवेक फार जुना आहे. पापड, कुरडया, सांडगे चैत्र-वैशाखाच्या उन्हात कडकडीत वाळवितात आणि मृगाच्या आधी घट्ट झाकणाच्या डब्यांत भरून ठेवतात. पावसाळ्यात त्यांस ‘हवा लागू नये’ म्हणून जपतात. उघड्या बरणीतील मिठास पाणी सुटते, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. येथे कोणी पापडांनी श्वास घेतला पाहिजे असे म्हणत नाही. आधी वाळविणे, मग झाकणे, ही क्रमवारी स्वयंपाकघराने अचूक ओळखली आहे. पावसाळ्याच्या तोंडी गार फरशीस ‘पाझर फुटतो’ असे जे म्हटले जाते, त्यातही पुष्कळदा पाणी खालून येत नसते. बाहेरची बाष्पयुक्त हवा गार फरशीवर दव टाकीत असते. अशा वेळी खिडक्या उघडून फरशी सुकविण्याचा प्रयत्न ती अधिक ओली करतो.

७. निगा : पाण्याच्या वाटा

तळपोकळीची निगा म्हणजे पाण्याच्या वाटा ओळखून त्या क्रमाने बंद करणे होय. हा क्रम महत्त्वाचा आहे. तो उलटा केल्यास हानी होते. ओल आत असतानाच झरोके बुजविले, तर तीच ओल कोंडून राहील.

पहिली वाट पावसाच्या पाण्याची. छपराच्या पन्हळी पाने-कचरा काढून मोकळ्या ठेवाव्या आणि त्यांचे पाणी नळीने भिंतीपासून दूर न्यावे. घराभोवतीच्या जमिनीस बाहेरच्या बाजूस उतार असावा; भिंतीपासून पहिल्या १० फुटांत निदान ६ इंच उतार असावा, असे संहिता सांगते. अनेक घरांत निम्मे काम येथेच पुरे होते, आणि ते रांगावे न लागता होते. एवढ्यानेही पोकळीत पाणी साचत असेल, तर आत चर काढून ते एका खड्ड्यात आणावे आणि पंपाने बाहेर टाकावे.

दुसरी वाट जमिनीतील वाफेची. निदान ०.१५ मिलिमीटर जाडीची पॉलिथिनची चादर सर्व जमिनीवर अंथरावी. तिचे जोड परस्परांवर ६ इंच चढवून चिकटवावे आणि कडा भिंतीवर निदान ६ इंच वर नेऊन सांधाव्या. खांबांच्या भोवतीही ती बेतून बसवावी. मधला एखादा कोपरा उघडा ठेवणे हे भांड्यास भोक ठेवण्यासारखे आहे.

तिसरी वाट घरातल्या पाण्याची. स्नानगृहाखालचा गळका नळ, वातानुकूलन यंत्राच्या पाण्याची तुंबलेली नळी, कपडे वाळविणाऱ्या यंत्राचे पोकळीतच सोडलेले तोंड, ह्या गोष्टी वर राहणाऱ्यास कित्येक महिने कळत नाहीत. कपडे वाळविणाऱ्या यंत्राची हवा नेहमी घराच्या बाहेर सोडली पाहिजे.

चौथी वाट हवेतील बाष्पाची. पहिल्या तीन वाटा बंद झाल्यावरच झरोके बुजवावे आणि तक्तपोशीतील व वाहिन्यांतील फटी सांधाव्या. नंतर हवेचा अल्प पुरवठा करावा अथवा ओल शोषणारे यंत्र बसवावे. पोकळीत एक आर्द्रतामापक ठेवून त्याचा आकडा वर दिसेल अशी योजना करावी. वर्षातून निदान दोनदा, उन्हाळ्याच्या ऐन भरात एकदा आणि हिवाळ्यात एकदा, आत जाऊन पाहावे. भिंतीच्या वरच्या अंगास सुमारे ३ इंचांचा पट्टा उघडा सोडण्याची चाल आहे, ती वाळवीच्या मातीच्या नळ्या दृष्टीस पडाव्या म्हणून. त्या पट्ट्याची तपासणी चुकवू नये. लोंबणारा उष्णतारोधक थर, तुळयांवरील काळे-पांढरे डाग आणि टोचणीने सहज भोसकले जाणारे लाकूड ही धोक्याची चिन्हे होत. आत जाणाऱ्याने तोंडावर कणरोधक मुखपट्टी, हातमोजे आणि डोक्यास दिवा बांधावा, बाहेर एक माणूस उभा करावा, आणि साचलेल्या पाण्यात विजेची तार पडलेली दिसल्यास वीज बंद केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

८. बंद पोकळीच्या मर्यादा

झरोक्यांचा नियम सार्वत्रिक मानण्यात जी चूक झाली, तीच चूक बंद पोकळीच्या बाबतीत पुन्हा होऊ नये. निदान तीन मर्यादा ध्यानात ठेवणे अवश्य आहे. पहिली मर्यादा रेडॉन वायूची. जमिनीतील युरेनियमच्या क्षयमालिकेतून निर्माण होणारा हा किरणोत्सारी वायू फुप्फुसाच्या कर्करोगास कारण होतो. अमेरिकेत धूम्रपानाच्या खालोखाल तोच ह्या रोगाचे कारण मानला जातो. घरातील हवेत त्याचे प्रमाण दर लिटरला ४ पिकोक्युरी वा अधिक आढळल्यास उपाय करावा, असे तेथील पर्यावरण-संरक्षण संस्था सांगते. पोकळी बंद करण्यापूर्वी आणि केल्यानंतर ह्याची चाचणी घ्यावी. प्रमाण अधिक असल्यास चादरीखालून नळ घालून वायू पंख्याने छपराच्या वर सोडता येतो. दुसरी मर्यादा इंधनावर चालणाऱ्या यंत्रांची. पोकळीतील हवा घेऊन जळणारी भट्टी वा पाणी तापविण्याचे यंत्र तेथे असेल, तर झरोके बुजविल्याने कार्बन मोनॉक्साइडचा धोका उद्भवतो. अशी यंत्रे आधी बदलली पाहिजेत. तिसरी मर्यादा पुराची. पूरप्रवण क्षेत्रात भिंतीत पाणी ये-जा करण्याजोगी भोके ठेवावीच लागतात, अन्यथा पाण्याच्या दाबाने भिंत कोसळते. ही भोके पाण्यासाठी असतात, हवेसाठी नव्हेत. म्हणून एरवी मिटलेली आणि पुराच्या लोंढ्याने उघडणारी झडप तेथे बसविता येते.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर जोत्यावरच्या घरास ह्यातील बहुतेक उपचार लागू नाहीत, आणि कोकणातील उघड्यावाघड्या, वातानुकूलन नसलेल्या घरात वाऱ्याची झुळूक हा आजही उत्तम उपाय आहे. कारण तेथे आतील व बाहेरील तापमानांत अंतर थोडे असते. परंतु शहरांतील नव्या इमारतींची तळघरे आणि वातानुकूलित खोल्या ह्या बाबतीत परिस्थिती निराळी आहे. गार तळघरात आषाढातील हवा पंख्याने ओढून आणणे हे उत्तर कॅरोलिनातील झरोक्यांचेच दुसरे रूप होय.

९. समारोप

येथवरच्या विवेचनाचे तात्पर्य असे की, तळपोकळी उघडी असावी की बंद, हा प्रश्न मुळात दुय्यम आहे. पाणी कोठून येते आणि बाहेरच्या हवेचा दवबिंदू आतल्या वस्तूंच्या तापमानाच्या वर आहे की खाली, हे प्राथमिक प्रश्न होत. त्यांची उत्तरे प्रदेशागणिक आणि ऋतूगणिक बदलतात. दीडशेस एक हा आकडा ह्या प्रश्नांच्या जागी येऊन बसला, आणि ‘श्वास’ ह्या शब्दाने त्यास संरक्षण दिले. परिभाषा घडविणाऱ्यांवर ह्यातून एक जबाबदारी येते. तांत्रिक विषय मराठीत आणताना नवा शब्द जुळविण्याबरोबरच, भाषेत आधीच असलेले सूक्ष्म भेद जिवंत ठेवणे हेही परिभाषेचे काम आहे. ‘कोंदट’ आणि ‘दमट’ हे पर्यायी शब्द म्हणून कोशात एकमेकांशेजारी बसविले जातील, त्या दिवशी मराठी गृहस्थही झरोका उघडून ओल घालविण्याचा प्रयत्न करू लागेल.